बोलताना दाबायचं, ऐकताना सोडायचं

आमच्या सांगवीच्या फ्लॅटमध्ये एक खण आहे, त्याला नवरा स्मशान म्हणतो. मी हौसेनं घेतलेली आणि वर्षाच्या आत मान टाकलेली यंत्रं त्यात पडलेली असतात. झोप मोजणारा एक पट्टा आहे. तो रोज सकाळी मला सांगायचा की काल तुम्हाला झोप नीट लागली नाही. ते मला माहीत असायचं, कारण जागी मीच होते. आवाजावर पेटणारे दोन दिवे आहेत. मला सर्दी झाली की ते मला ओळखायचे नाहीत. मी अंधारात बसून घोगऱ्या आवाजात दिव्याची विनवणी करत असताना नवरा येऊन भिंतीवरचं बटण दाबून जायचा. केर काढणारा गोल रोबो खणात मावत नाही म्हणून माळ्यावर आहे. तो दिवाणाखाली शिरला की अडकायचा आणि आतून मदतीसाठी हाका मारायचा. त्याला बाहेर काढायला झाडूच लागायचा.

तरी माझा जीव या वस्तूंवरून उडालेला नाही. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टींतल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि तीच सवय मी घरी फुकट वापरते. घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर खरेदीच्या साइटवर लांबलचक अभिप्राय लिहिते. माझी मतं ठाम आहेत. जी वस्तू चालू करण्याआधी आपला मोबाइल नंबर मागते, ती विकत घेतली तरी आपली होत नाही. फ्रिजला इंटरनेटचं काही काम नसतं. फॅमिली ग्रुपवर सकाळी फुलं पाठवणाऱ्याला दुपारपर्यंत दुसरं काही पाठवता येऊ नये, अशी सोय कुणीतरी करायला हवी. आणि घरातलं सगळ्यांत समजूतदार यंत्र म्हणजे लग्नात आलेला मिक्सर, कारण त्यानं आजवर एकदाही अपडेट मागितलेलं नाही.

नवऱ्याचं चाकणला कंपनीत शिफ्टचं काम. तो दिवसभर मशीनच्या संगतीत असतो, त्यामुळे मी घरी नवीन मशीन आणली की सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला बोलावल्यासारखा त्याचा चेहरा होतो. सासरे, म्हणजे आबा, चऱ्होलीला एकटेच राहायचे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. गावातली जमीन बहुतेक विकली गेली होती. स्लॅबचं घर, पुढं ओटा, लोखंडी फाटक आणि कुंपणालगत एक शेवगा, एवढं राहिलं होतं. माझ्या हौसेबद्दल आबांचं म्हणणं थोडक्यात असायचं. "बटन दाबून व्हतंय, तर एवढा खटाटोप कशापायी?"

मागच्या दिवाळीनंतर आबांच्या गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टरांनी सांगितलं की काही महिने पायऱ्या चढायच्या नाहीत आणि एकटं राहायचं नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, तेव्हा आबा आमच्याकडे येणार हे आम्ही धरून चाललो होतो. आबा मात्र दवाखान्यातल्या पलंगावर बसून एकच विचारत होते.

"घर कुणाच्या जिवावर सोडू?"

चोरानं न्यावं असं त्या घरात काहीच नव्हतं. दोन पलंग, भांडी, एक सायकल आणि न चालणारा पंखा. नवऱ्यानं तसं बोलून दाखवलं, तर आबा दुपारचे जेवले नाहीत.

मग मी फाटकाच्या खांबावर कॅमेरा बसवायचं ठरवलं. सौरऊर्जेवर चालणारा, आत सिमकार्ड असलेला, म्हणजे वायर नको की घरात वायफाय नको. रविवारी आम्ही दोघं चऱ्होलीला गेलो. फाटकासमोर रस्त्यापलीकडे एका चाचांचं दुचाकीचं गॅरेज आहे. ते वर्षानुवर्षं तिथं आहेत आणि आबांच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असते. चाचांनी शिडी दिली, नवऱ्यानं ती धरली, मी वर चढले. कॅमेऱ्यात फाटक, ओट्याचा कोपरा, रस्ता आणि गॅरेज असं सगळं नीट बसलं. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन माझा कोपऱ्यात तडा गेलेला जुना टॅब लोणच्याच्या बरणीला टेकवून आबांच्या पुढ्यात ठेवला.

आबांनी चष्मा पुसून पाहिलं. टॅब डोळ्यांजवळ ओढला.

"शेवग्याला शेंगा धरल्यात," ते म्हणाले. आणि आमच्याकडे राहायला तयार झाले.

पहिला आठवडा तक्रारींत गेला. कॅमेऱ्यासमोर काही हललं की टॅब टिंग वाजवायचा आणि वर अक्षरं यायची, ‘माणूस आढळला’. आबा जेवताजेवता उठून जायचे.

"माणूस कुटं हाय? पलीकडच्याचा कोंबडा हाय ह्यो."

पलीकडचा म्हणजे आबांचे सख्खे चुलतभाऊ. घर भिंतीला भिंत लागून, पण आमच्या घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. दोघांचं बांधावरून भांडण झालं होतं. बांधाचा दगड कुणी सरकवला, यावर दोघांनी तरुणपणी अबोला धरला तो धरलाच. पुढं दोघांनीही आपापली वावरं एकाच बिल्डरला दिली. तिथं आता उंच टॉवर आहेत, आणि तो बांध होता त्या जागी पोहण्याचा तलाव आहे. निळ्या पाण्यात लहान मुलं फुगे बांधून डुंबतात. भांडण मात्र दोघांनी जमिनीबरोबर विकलं नव्हतं. लग्नकार्यात एक जण पहिल्या पंगतीला बसला तर दुसरा थांबून दुसऱ्या पंगतीला बसायचा.

मी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन कोंबड्याला माणूस समजू नये अशी व्यवस्था करायचा प्रयत्न केला. त्यानंतर तो कोंबड्याला वाहन म्हणू लागला.

एक दिवस ऑफिसात मीटिंग चालू असताना चाचांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून बाहेर आले.

"ताई, काही टेन्शन नाही," चाचा म्हणाले. "फक्त एक विचारायचं होतं. तुमचा कॅमेरा माणसांना हाका मारतोय, ते तुम्हाला माहीत आहे ना?"

कॅमेऱ्याला बोलायचा भोंगा होता. मी आबांना तो दाखवला नव्हता, पण टॅबवर माइकचं चित्र होतं आणि आबांनी ते दाबून पाहिलं होतं. फाटकाला लावून कुणी मोटार उभी केली होती. ‘कोन हाय रं तिकडं? गाडी काढ’ असा आवाज खांबातून आला, तेव्हा मोटारवाला गाडी तिथंच टाकून चाचांच्या गॅरेजमध्ये शिरला होता. चाचांनी त्याला पाणी देऊन समजावलं होतं.

घरी येऊन पाहते, तर आबा खुशीत. मी त्यांना समजावलं की येणाऱ्याजाणाऱ्यांशी असं बोलू नये, लोकांना प्रायव्हसी असते.

"म्हंजी काय असतं?"

"आपल्याकडं कुणी बघत बसू नये, असं असतं ते."

आबांनी विचार केला. "मग लोकं रस्त्यानं कशाला जात्यात?"

खासगीपणावर मी एकदा ऑफिसात तासभर बोलले होते आणि टाळ्याही मिळाल्या होत्या, पण तिथं आबा नव्हते.

दिवसागणिक त्यांचा आवाका वाढला. वस्तू पोहोचवणारी पोरं टॉवरचं फाटक शोधत तिथं यायची, कारण मोबाइलमधला नकाशा सगळ्यांना आबांच्या दारात आणून सोडायचा. आबा खांबातून त्यांना वाट सांगायचे. ती वाट अशी असायची की विहिरीपासून डावीकडं वळ, चिंचेखालून जा, आमच्या खालच्या वावरात जी बिल्डिंग हाय तीच. विहीर बुजवून तिच्यावर पार्किंग झालेलं आणि चिंच कधीच तोडलेली. पोरं खांबाला हात जोडून पुढं जायची आणि चाचांना विचारायची.

त्या टॉवरमध्ये माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण राहते. तिनं मला त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा पाठवली. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘समोरच्या जुन्या घराचा कॅमेरा मला रोज, कुणाची गं तू, असं विचारतो. हे योग्य नाही.’ त्याखाली एकानं लिहिलं होतं की मला त्यानं मागच्या चाकात हवा कमी असल्याचं सांगितलं आणि ते खरं निघालं. तिसऱ्यानं कोणत्या कंपनीचा कॅमेरा आहे आणि हे फीचर वेगळं घ्यावं लागतं का, असं विचारलं होतं.

मी आबांना पुन्हा रागावले. म्हणजे जितकं सासऱ्यांना रागावता येतं तितकं. बायकामुलींना काही विचारायचं नाही, एवढं त्यांनी कबूल केलं. "बरं. नुस्तं बगीन," म्हणाले.

त्यांनी दोन-तीन दिवस खरोखर पाळलं. मग एका सकाळी पलीकडचे काका कोंबडा शोधत आमच्या फाटकात आले. मी घरूनच काम करत होते, टेबलावर शेजारीच टॅब होता. पांढरी टोपी वाकून शेवग्याखाली काहीतरी शोधतेय, असं दिसलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून नाही म्हणाले, आणि त्यांनी माइक दाबला.

"कोंबडा सांभाळता येत न्हाई, तर पाळायचा कशाला?"

काका जागच्या जागी ताठ झाले. त्यांनी आधी घराकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग खांबाकडे. आवाज त्यांनी ओळखला होता. टोपी नीट करून ते निघून गेले. आबा दिवसभर मिशीत हसत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला काका आले आणि सरळ कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. पडद्यावर त्यांचं नाक मोठं दिसत होतं.

"मला तुझ्या मालकाशी बोलायचं न्हाई," ते कॅमेऱ्याला म्हणाले. "पन त्याला सांग, काल ज्यो आलता त्यो कोंबडा माझा न्हाई. माझा लाल हाय. ह्यो पांढरा."

आबांनी झडप घालून माइक दाबला आणि सुरू झाले. कोंबड्यावरून बांधावर, बांधावरून दगडावर. तिकडे काकांचंही तोंड हलत होतं, पण त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्या कॅमेऱ्याची रचनाच तशी होती. आपण बटण दाबून बोलत असलो की पलीकडचा आवाज बंद व्हायचा. याच गोष्टीवर मी एक सणसणीत अभिप्राय लिहून ठेवला होता, की आजच्या काळात दोन्ही बाजूंनी एकदम बोलता येऊ नये हा निव्वळ आळस आहे, आणि एक तारा देऊन मोकळी झाले होते.

"त्यो काय म्हनतोय?" आबांनी मला विचारलं.

"तुम्ही बटण दाबून ठेवलंय, आबा. बोलताना दाबायचं, ऐकताना सोडायचं."

आबांनी बटण सोडलं. काकांचं शेवटचं वाक्य तेवढं आलं. "...आन् हे तुला बी ठावं हाय." आणि ते वळून निघून गेले.

काय ठावं हाय, हे आबांना कळलं नव्हतं. ती रात्र आणि दुसरी सकाळ त्यांनी कशी काढली, ते आम्ही पाहिलं. टॅबपुढून हलले नाहीत. काका दिसले तसं त्यांनी बटण दाबून एवढंच म्हटलं, "काल काय म्हनला? परत सांग." आणि बोट उचलून घेतलं.

काकांनी परत सांगितलं. दगड त्यांनी सरकवला नव्हता. आबांनीही सरकवला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. पाऊस फार झाला त्या साली बांधच खचला होता. हे ते तेव्हाच सांगायला आले होते, पण आबांनी दारातच बोलायला सुरुवात केली आणि मग त्यांनीही केली.

आबांचं बोट दोनदा बटणाकडे गेलं आणि दोनदा मागे आलं. दाबलं तर पुढचं चुकणार होतं.

मी लॅपटॉपकडे बघत असल्याचं सोंग केलं. काका बोलायचे थांबले. मग बटण दाबून म्हणाले, "ह्ये मला कुणी सांगितलं न्हाई."

"आत्ता सांगितलं न्हवं?" काका म्हणाले.

त्यानंतर काका रोज येऊ लागले. आपण कॅमेऱ्याशीच बोलतो हे म्हणणं त्यांनी सोडलं नाही. काही दिवसांनी त्यांनी घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि खांबाखाली टाकली. मग पडद्यावर फक्त टोपी दिसायची, कारण कॅमेरा वर आणि काका खाली. आबा तेवढ्या टोपीशी तासन्‌तास बोलायचे. सिमकार्डाचा डेटा महिन्याच्या मध्यावर संपू लागला. नवरा म्हणाला की फोन लावून दिला तर यापेक्षा सोपं पडेल. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं विषय सोडला. फोनवर बोलणं म्हणजे बोलणं सुरू झाल्यासारखं झालं असतं.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर टॅबवर काकांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"मला बी डाक्टरनं सांगितलंय," ते म्हणत होते. "दोन्ही गुडघं. दुखतं का रं लई?"

आबांनी आम्हाला या ऑपरेशनबद्दल मुंगी चावली एवढंच सांगितलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं होतं. दवाखान्यातही कधी तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं, आणि नर्स त्यांचं कौतुक करत होत्या.

माइकचा बारीक आवाज झाला.

"लई दुखतं," आबा म्हणाले. "पयल्या राती रडलो. तोंडात चादर धरली. पोराला कळू दिलं न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "पन मग कमी व्हतं. आता म्या संडासला एकटा जातो. करून घे."

मी गॅस बारीक केला आणि तिथंच उभी राहिले. चहा उतू गेला होता तो पुसला, दुसरा टाकला, आणि कप त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. त्यांनी पडद्यावरून नजर न काढता घेतला.

नवऱ्याला मी ते सांगितलं. तो चाकणहून नुकताच आला होता, बूट काढत होता. एक बूट हातात धरून बसला. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना तो आबांच्या खोलीत डोकावून, "रात्री दुखलं का?" असं विचारू लागला. आबा म्हणायचे, "न्हाई." पण एकदा म्हणाले, "जरा."

उन्हाळा लागला तेव्हा आबा काठी घेऊन चऱ्होलीला परत गेले. कॅमेरा काढून आणायचा का, मी विचारलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. काकांचं ऑपरेशन झालं तेव्हा आबा रोज त्यांच्याकडे जाऊन बसायचे. काय काय सोसावं लागेल, ते त्यांना आधीच सांगून ठेवायचे, त्यामुळे काका दुखण्याआधीच ओरडायचे, असं काकांची सून म्हणाली. मी साइटवर जाऊन माझ्या अभिप्रायातला एक तारा वाढवून दोन केले. त्याहून जास्त देववेना. आवाज खरोखरच फार खराब येतो.

समोरासमोर बसल्यावर मात्र दोघांचं जुनं दुखणं उलटलं. मधे बटण नव्हतं. एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याचंही उघडायचं. काका काठी टेकत चालायला लागेपर्यंत त्यांचं दोनदा वाजलं होतं. चाचांनी सांगितलं की आता तर दोघांच्या खुर्च्या पण लांब लांब असतात.

परवा संध्याकाळी मी कंपनीच्या कॅबमध्ये हिंजवडीतून निघत होते. निघत होते म्हणजे बसले होते. पुढं मागं गाड्याच गाड्या, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलेलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. आबा परत गेल्यापासून कॅमेऱ्याचं ॲप त्यात होतं. ‘माणूस आढळला.’ कोंबडा असेल म्हणून सहज उघडलं, तर काकांचं अख्खं तोंड.

"सुनबाई, ऐकतीस का? तुझ्या सासऱ्याला जरा सांग. शेवग्याची जी फांदी माज्या अंगणात आलीया, तिच्या शेंगा कुणाच्या? म्या इचारलं तर अंगावर येतोय."

त्यांच्या खांद्यावरून ओटा दिसत होता. ओट्यावर काठीवर दोन्ही हात ठेवून आबा बसले होते आणि सगळं ऐकत होते.

मी बटण दाबलं. "काका, आबा तुमच्या मागंच बसलेत."

"ठावं हाय," काका म्हणाले. "म्हनून तर मोठ्यांदा बोलतोय."

शेजारी बसलेली सहकारी माझ्या मोबाइलकडे वाकून बघायला लागली. मागून आबांचा आवाज आला, लांबून, पण स्पष्ट.

"तिला कशाला तरास देतो? ती कामावर हाय. मला सांग की."

"तू मधी बोलतो."

"न्हाई बोलत. सांग."

काकांनी मागं वळून पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाठ करून हळूहळू ओट्याकडे गेले, पायरीवर टेकले आणि हातवारे करून काहीतरी सांगू लागले. इतक्या लांबचं त्या माइकला पकडता येत नाही. आबा मान खाली घालून बसले होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या गाड्या हलल्या, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, आणि त्या शेंगा शेवटी कुणाच्या ठरल्या ते मला काही कळलं नाही. रविवारी मात्र दोन्ही घरांतून आम्हाला शेंगांच्या पिशव्या आल्या.